लोहारकामाच्या डेमोत विकायला छोट्या वस्तू कशा घडवायच्या

भट्टी घेऊन एखाद्या जत्रेत, प्रदर्शनात नाहीतर कृषी पर्यटनाच्या ठिकाणी बसायचं ठरवलंय, हातोडा बऱ्यापैकी चालतो, पण लोकांपुढे नेमकं काय घडवायचं आणि काय विकायचं हे कळत नाहीये, अशा नवीन लोकांसाठी हे लिहितोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. लोकांच्या डोळ्यांदेखत सुरू होऊन डोळ्यांदेखत पूर्ण होते ती वस्तू विकली जाते. टेबलावर तुम्ही कितीही भारी काम मांडा, लोक बघतात, हात लावतात, "छान आहे" म्हणतात आणि पुढे जातात, पण समोर लाल लोखंडाचं पान झालं आणि ते पाण्यात चुर्र झालं की तिथे उभा असलेला माणूस विचारतो, हे केवढ्याला?

म्हणून वस्तू निवडताना माझा नियम, तीन ताव. लोखंड एकदा भट्टीत लाल करून बाहेर काढलं की परत गार होईपर्यंत जे काम होतं तो एक ताव, आणि तीन तावात, फार तर चार-पाच, जी वस्तू पूर्ण होत नाही ती डेमोत घडवायची नाही. आठ-दहा मिनिटांच्या पुढे गर्दी थांबत नाही, लहान पोरं हात ओढायला लागतात आणि मग तुम्ही एकटेच ठोकत बसता.

आपल्याकडे हे काही बाहेरून आलेलं नाही बरं का. घिसाडी कुटुंबं पिढ्यानपिढ्या आठवडी बाजाराच्या कडेला भाता लावून हेच करत आलीत, माणूस सांडशीने लोखंड धरतो, बाई घण मारते, गिऱ्हाईक समोर उकिडवं बसून आपलं खुरपं नाहीतर विळा होताना बघतं, त्या अवजाराला पाणी पाजलं, म्हणजे तापलेलं पाण्यात बुडवून कडक केलं, की पैसे देऊन घेऊन जातं. त्या गिऱ्हाइकाला वस्तूची खात्री द्यावी लागत नाही कारण त्याने ती होताना बघितलेली असते. शहरातल्या माणसाला आज खुरपं नकोय, त्याला किल्ल्यांची किचेन, हुक, खुंटी पाहिजे, पण समोर झालेल्या वस्तूवर त्याचा विश्वास तसाच बसतो. वेळ मिळाला तर अशा एखाद्या पालावर तासभर बसून बघा, एका तावात किती घाव बसवतात आणि एकही घाव कसा वाया जात नाही ते तिथे जितकं कळेल तितकं कुठल्या व्हिडिओत कळत नाही.

माल काय घ्यायचा

साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. सुरुवातीला दोनच साइज घ्या, ६ मिलिमीटर चौकोनी बार आणि १० मिलिमीटर चौकोनी बार. चौकोनी यासाठी की पीळ दिला की चौकोनी बारचा पीळ उठून दिसतो, गोल सळीला पीळ दिलेला कळतच नाही. वजनाचा हिशोब सोपा आहे, ६ मिमी चौकोनी बार मीटरला साधारण २८० ग्रॅम आणि १० मिमी चौकोनी मीटरला ७८५ ग्रॅम भरतो. बार बहुतेक ६ मीटरचा मिळतो, दुकानातच अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करून घ्या म्हणजे रिक्षातून पण आणता येतात.

बांधकामावरच्या टीएमटी सळीचे तुकडे फुकट मिळतात म्हणून लोक तेच वापरतात. चालतात, पण त्याच्यावरच्या धारा नीट ठोकून काढल्या नाहीत तर घडीसारख्या आत दबतात आणि पातळ कामात तिथूनच चीर जाते, शिवाय आतलं लोखंड प्रत्येक तुकड्यात सारखं नसतं, एक मऊ निघतो एक कडक. सरावाला घ्या, विकायच्या मालाला नको.

आणि गॅल्व्हनाइज्ड काही म्हणजे काहीच भट्टीत टाकायचं नाही. जीआय पाइप, जीआय वायर, चकचकीत नट-बोल्ट, कुंपणाची तार, सगळ्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि आपली भट्टी त्याच्या बरीच वर असते, मग तो पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. तुमच्यासमोर लहान मुलं उभी असणार आहेत हे लक्षात ठेवा.

भट्टी आणि ऐरण

गावाकडे उघड्या जागेत डेमो असेल तर दगडी कोळसा आणि हाताने फिरवायचा ब्लोअर मस्त, लोकांना ब्लोअर फिरवायला फार आवडतं आणि एखाद्या पोराला हँडल दिलं की त्याचे आईबाप आपोआप थांबतात. पण शहरातल्या प्रदर्शनात कापडी मांडव असतो, तिथे ठिणग्या उडवणारा कोळसा कुणी लावू देत नाही आणि देऊही नये, तिथे गॅसची छोटी भट्टी. सिलिंडर कमर्शियल घ्या, १९ किलोचा, घरगुती १४.२ किलोचा धंद्याला वापरणं नियमात बसत नाही आणि आयोजक तपासतात. सिलिंडर उभा, भट्टीपासून लांब, सावलीत, आणि त्याच्या नळीवरून कुणाचा पाय जाणार नाही अशा बाजूला. आयोजकांना आधीच लेखी कळवा की माझ्याकडे उघडी आग आहे, आणि कोपऱ्यातली, डोक्यावर कापड नसलेली जागा मागून घ्या.

सावलीचा मुद्दा मात्र भट्टीसाठी पण आहे. लोखंडाचा रंग बघून आपण काम करतो आणि दुपारच्या उन्हात तो रंग दिसतच नाही, केशरी झालेलं लोखंड उन्हात काळपट लाल वाटतं, तुम्ही अजून तापवत बसता आणि टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघायला लागतात म्हणजे लोखंड जळालं, तो तुकडा गेला. भट्टीच्या मागे आणि वर पत्रा लावून तेवढ्यापुरता तरी काळोख करा. लोकांना पण त्या काळोखात लाल रंग छान दिसतो.

ऐरण नसेल तर रेल्वे रुळाचा तुकडा चांगला चालतो, पण भंगारवाल्याकडून बिल घेऊन घ्या. रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे, बिलाशिवायचा रूळ घेऊन भर प्रदर्शनात बसू नका. ट्रकच्या अ‍ॅक्सलचा जाड तुकडा उभा रोवला तरी छोट्या कामाला पुरतो. नवीन ऐरण घ्यायची तर ओतीव बीडाची (कास्ट आयर्नची) घेऊ नका, कडा उडतात, स्टीलची घ्या. बाजारात तपासायचं असेल तर छोटी हातोडी वरून अलगद सोडा, उसळून परत आली तर ऐरण चांगली, थप्प करून बसली तर सोडून द्या. खाली बाभळीचा ओंडका, आणि उंची एवढी की सरळ उभं राहून हात खाली सोडला आणि मूठ वळली की बोटांची पेरं ऐरणीला टेकतील. हातोडा किलोभराचा पुरे. ऐरणीची एक कड कानशीने किंवा ग्राइंडरने ३-४ मिमी गोल करून ठेवा, पान करताना ती लागणार आहे.

पहिली वस्तू, एस हुक

सगळ्यात आधी हीच शिका, कारण टोक काढणं, वळवणं आणि पीळ देणं ही तिन्ही कामं यात आहेत आणि घरात हिचा उपयोग सगळ्यांना कळतो, कुंडी टांगा, स्वयंपाकघरात कढई टांगा, बाल्कनीत दिवा टांगा.

६ मिमी चौकोनी बारचा अर्ध्या मीटरचा तुकडा घ्या. लांब तुकड्याचा फायदा असा की गार टोक हातात धरता येतं, सांडशी लागत नाही, आणि नवीन माणसाच्या अर्ध्या अडचणी सांडशीतून लोखंड निसटण्याच्याच असतात. पुढची ५ सेंटिमीटर पिवळट केशरी होऊ द्या. बाहेर काढा, बार ऐरणीवर थोडा तिरका धरा, आणि टोकावर घाव घालत मागे या. दोन घाव, पाव वळसा, दोन घाव, परत पाव वळसा उलटा, असं फक्त दोनच बाजूंवर मारत राहायचं, ऐरण खालून बाकीच्या दोन बाजू सांभाळते. गोल गोल फिरवत मारलं की टोक आतून फुटतं. टोक चौकोनीच निमुळतं करा, शेवटी हवं तर कोपरे हलके मारून गोल करा.

लाली उतरली की थांबा. काळ्या लोखंडावर हातोडा मारून काही होत नाही, नुसता मनगटाला मार बसतो आणि चिरा पडतात.

दुसऱ्या तावात टोकाला आधी छोटासा उलटा वेढा द्या, ऐरणीच्या कडेवर टोक बाहेर काढून हलकेच खाली मारायचं आणि मग बार उलटा करून ते टोक स्वतःच्या अंगावर गुंडाळायचं. हा छोटा वेढा नुसता शोभेचा नाही, त्यामुळे हुकचं टोक कुणाला टोचत नाही. मग बार पालथा करून मोठा बाक द्या, ऐरणीला शिंग, म्हणजे बाजूला निघालेलं निमुळतं गोल टोक, असेल तर शिंगावर, नसेल तर एक इंची पाइपचा तुकडा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आडवा धरून त्याच्यावर. टोकापासून एकूण १६ सेंटिमीटरवर छिन्नीने कापा, आणि दुसऱ्या टोकाला हेच सगळं, आता सांडशीत धरून, आणि बाक उलट्या दिशेला.

पीळ शेवटी द्या, लोक त्याचीच वाट बघत असतात. पूर्ण हुक तापवा, दोन्ही वेढे पाण्यात बुडवून काळे करा म्हणजे मधलाच भाग लाल राहील, एक बाजू व्हाइसमध्ये, दुसऱ्या बाजूला पाना लावून एकाच दमात एक पूर्ण वळसा. थांबून थांबून पीळ दिला की एकीकडे घट्ट एकीकडे सैल होतो. पूर्ण वळसा म्हणजे दोन्ही हुक परत एकाच पातळीत येतात. वाकडं झालं तर हातोडा लावू नका, पिळाच्या धारा बसतात, लाकडी मोगरीने सरळ करा.

दुसरी वस्तू, पान

माझी सगळ्यात आवडती, आणि सगळ्यात जास्त खपणारी पण. सावकाश वाचा, कारण यात मानेला, म्हणजे पान आणि देठ जुळतात त्या बारीक भागाला, चूक झाली की पान गळून पडतं, शब्दशः.

१० मिमी चौकोनी बार, परत अर्ध्या मीटरचा. पहिला ताव, पुढची ४-५ सेंटिमीटर पिवळी करा आणि एक बोथट, आखूड टोक काढा, लांब सुळका नको, पेन्सिलीच्या टोकापेक्षा आखूड. त्याच तावात जमलं तर मानेची सुरुवात. टोकापासून २ सेंटिमीटर भाग ऐरणीच्या गोल केलेल्या कडेच्या बाहेर लोंबता ठेवा, बाकीचा बार ऐरणीवर, आणि हातोडा असा मारा की त्याचं अर्ध तोंड ऐरणीवर आणि अर्ध बाहेर पडेल. मग ऐरणीवरचा भाग दबतो आणि बाहेरचा गोळा जसाच्या तसा राहतो. दोन घाव, पाव वळसा, दोन घाव. दर वेळी गोळा बरोबर त्याच जागी कडेला आणायचा, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की मानेवर पायरी पडते. इथे कड धारदार असेल तर मानेत कापल्यासारखी रेघ पडते आणि पुढे तिथूनच तुटतं, म्हणून आधी कड गोल करायला सांगितलं.

मान ५ मिमीपर्यंत आली की दुसऱ्या तावात तिच्या मागचा बार देठासाठी लांबवा. इथे थोडा हिशोब, १० बाय १० चा बार ५ बाय ५ केला तर जाडी दोन्ही बाजूंनी निम्मी होते म्हणजे लांबी चौपट, त्यामुळे २ सेंटिमीटर बारमधून ८ सेंटिमीटर देठ निघतो. नवीन लोक नेहमी जास्त बार घेतात आणि देठ हातभर लांब होतो. आधी चौकोनीच लांबवा, मग कोपरे मारून आठ बाजू, मग गोल.

तिसरा ताव पानाचा. गोळा चांगला पिवळा होऊ द्या, कोपऱ्यावर उभा करून, म्हणजे चौकोनाची कड वर येईल असा धरून, मधोमध पहिले तीन-चार घाव जोरात. कोपऱ्यावर मारल्याने पान रुंद होतं, सपाट बाजूवर मारलं तर लांबट होतं. मग मधून कडेकडे हलके घाव घालत पातळ करा, मधे अडीच-तीन मिमी आणि कडा त्याहून थोड्या पातळ. ४ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पान सहज निघतं.

शिरांसाठी छिन्नी बोथट करून घ्या, धार असेल तर पान कापलं जातं. परत थोडं तापवून, केशरी असताना आधी मधली शीर, मग दोन्ही बाजूंच्या, टोकाकडे झुकलेल्या. इथून पुढे भट्टीत जपा, पान पातळ आणि देठ जाड, त्यामुळे पान आधी जळतं. आगीच्या सगळ्यात तापलेल्या जागेतून पान पुढे बाहेर जाऊ द्या आणि आच देठाला लागू द्या.

शेवटी देठ छिन्नीने बारपासून तोडा, टोक थोडं बारीक करा आणि सांडशीत पान धरून देठाचा वेढा पानाच्या मागे वळवा, त्यात किचेनची रिंग अडकते. वेढ्याचं टोक मानेला टेकलं पाहिजे, फट राहिली तर रिंग निसटते आणि गिऱ्हाइकाच्या घराच्या किल्ल्या जातात.

साधं पान जमलं की पिंपळपान करा, गोळ्याचं टोक थोडं जास्त लांब काढून पुढे शेपटीसारखं ठेवलं आणि देठाकडची बाजू जास्त पसरवली की लगेच ओळखू येतं, आपल्याकडे हे पान ओळखू येत नाही असा माणूस नाही. आणि नवरात्राच्या सुमारास डेमो असेल तर आपट्याचं पान घडवाच. त्याला टोक काढायचं नाही, गोळा सरळ रुंद पसरवायचा, मधोमध छिन्नीने एक तृतीयांश चीर द्यायची, दोन्ही पाकळ्या थोड्या उघडून कोपरे ठोकून गोल करायचे, आणि शिरा देठापासून पंख्यासारख्या. दसऱ्याला हे सोनं म्हणून द्यायला लोक आनंदाने घेतात, आणि त्याला सोन्याचा रंग पण देता येतो, तो पुढे सांगतो. खंडेनवमीला ऐरणीची पूजा असतेच, तेव्हा आयोजकांनी बोलावलं तर ती पूजा लोकांसमोर करा.

तिसरी, लोखंडी अंगठी

शनीसाठी मधल्या बोटात लोखंडी अंगठी घालणारे पुष्कळ लोक आहेत आणि घोड्याच्या जुन्या नालेपासून केलेली मागतात. जुन्या नाला नालबंदाकडे मिळतात, माथेरान, महाबळेश्वरला घोडेवाले आहेत, दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो तिथेही. नाल घेताना चुंबक लावून बघा. रेसच्या घोड्यांना ॲल्युमिनियमची नाल मारतात, ती ६६० अंशालाच वितळते, भट्टीत टाकली की हातात काही उरत नाही.

नालेचं एक टोक तापवून ५ मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टी काढा. लांबीचा हिशोब, अंगठीचा आतला व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. बोट १८ मिमीचं असेल तर १८ अधिक २ म्हणजे २०, म्हणजे ६३ मिमी पट्टी. गरम असतानाच जाड रॉडवर वळवा, टोकं जोडू नका, बारीक फट ठेवा म्हणजे बोटानुसार कमी-जास्त करता येते. कडा आणि टोकं कानशीने अगदी गुळगुळीत करा, बोट फिरवून बघा. घामाने गंज येतो, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. आणि नाल काळ्या घोड्याची आहे हे तुम्हाला स्वतःला ठाऊक नसेल तर तसं सांगून विकायची नाही. श्रद्धेने घेणाऱ्या माणसाला खोटं सांगणं वाईट आणि आपल्या कामाचं नाव पण त्यातच जातं.

भिंतीतली खुंटी, बाटलीचं ओपनर, छोटा चमचा हे सगळं नंतर, वरच्या तिन्ही गोष्टींत हात बसला की आपोआप जमतं. चाकू, सुरी, छोटी तलवार असलं काही मात्र करू नका. मागतील लोक, पोरं तर नक्कीच मागतील. गर्दीत धारेची वस्तू विकायला ठेवणं चुकीचं आहे आणि बरेच आयोजक त्यावरून जागाच देत नाहीत.

फिनिश

काळी खपली तारेच्या ब्रशने गरम असतानाच घासून काढा, गार झाली की चिकटून बसते. मग वस्तू एवढी गरम असताना, की पाण्याचा थेंब टाकला तर लगेच उडून जाईल, मधमाशीचं मेण फिरवा, वितळून आत जिरतं आणि छान काळा रंग येतो. जवसाचं तेल पण चांगलं. फक्त तेलाने भिजलेली फडकी गोळा करून पिशवीत कोंबू नका, जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका. कोकणात, मुंबईत, गोव्यात विकणार असाल तर मेणाचे दोन हात द्या, तिथल्या हवेत पंधरा दिवसांत गंज दिसतो.

सोन्याचा रंग असा, लाली पूर्ण गेलेली पण लोखंड अजून चांगलं तापलेलं असताना पितळी तारेच्या ब्रशने जोर लावून घासा. पितळ लोखंडावर चढतं आणि शिरांच्या वरच्या कडा सोनेरी होतात, खोलगट भाग काळा राहतो. ब्रश खरोखर पितळी पाहिजे, नुसता पिवळा मुलामा दिलेला स्टीलचा ब्रश येतो त्याने काही होत नाही, इथे पण चुंबक लावून बघा.

डेमोच्या दिवशी

घरून माल तयार करून न्या, प्रत्येक प्रकाराचे वीस-पंचवीस नग. समोर घडवलेला एकच असतो आणि घ्यायला दहा जण तयार होतात. बार कापून, खुणा करून ठेवा. एका वेळी भट्टीत दोनच तुकडे, जास्त टाकले तर बोलण्याच्या नादात एक जळतोच.

ऐरणीपासून किमान अडीच-तीन मीटरवर दोरी बांधा, पोरांच्या छातीच्या उंचीला, वर बांधली की ती खालून येतात. खपल्या डोळ्यांच्या उंचीला उडतात म्हणून तुम्हाला गॉगल पाहिजेच आणि पुढच्या रांगेतल्या मुलांसाठी पण चार-पाच जास्तीचे ठेवा. कपडे सुती, टेरिकॉट किंवा नायलॉन अंगावर वितळतं. वाळूची बादली, पाण्याची बादली, अग्निशामक, तिन्ही हाताशी.

सगळ्यात जास्त धोका लाल लोखंडाचा नसतो, लालला कुणी हात लावत नाही. काळं झालेलं पण चारशे अंशाचं लोखंड टेबलावर पडलेलं असतं आणि कुणीतरी "बघू बघू" म्हणत उचलतं. म्हणून झालेली वस्तू मेण लावून पूर्ण गार करून, आधी स्वतःच्या हातात घेऊन, मगच दुसऱ्याला द्यायची. हे साधं लोखंड आहे, पाण्यात बुडवलं म्हणून कडक होऊन तुटायची भीती नाही.

बोलत राहा, पण घाव घालताना नाही, लोखंड भट्टीत असताना. रंग कसा बदलतो ते दाखवा, आता काय होणार ते आधी सांगा, "आता बघा हं, याला एकच पीळ देणार," आणि मग गप्प राहून काम करा. "काका, हे खरंच लोखंड आहे? मग मातीसारखं कसं वळतं?" हा प्रश्न दर तासाला येतो, दर वेळी नीट उत्तर द्या, विचारणारा प्रत्येक जण पहिल्यांदाच बघत असतो.

अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात सेटमध्ये मिळतात, ते जवळ ठेवा. पानाच्या मागे नावाचं पहिलं अक्षर ठोकून द्यायला अर्धा मिनिट लागतो आणि ती वस्तू त्या पोराची होऊन जाते. हे पंच इंग्रजी अक्षरांचे असतात, मराठी अक्षर पाहिजे असेल तर एक सरळ आणि एक अर्धगोल छोटी छिन्नी करून घ्या आणि घरी पत्र्यावर सराव करा.

भाव

६ मीटरच्या ६ मिमी बारमधून १६ सेंटिमीटरचे ३६-३७ हुक निघतात आणि बार पावणेदोन किलोचा, म्हणजे लोखंड ७० रुपये किलोने धरलं तरी हुकमागे तीन-सव्वातीन रुपये. हे ऐकून नवीन लोक हुक तीस रुपयांना लावतात आणि महिन्याभरात भट्टी बंद करतात. पैसे तुमच्या वेळेचे, गॅसचे, जागेच्या भाड्याचे आणि प्रवासाचे आहेत. स्वतःच्या तासाचा भाव ठरवा, तासाला किती नग पूर्ण होतात ते घड्याळ लावून बघा, जागेचं भाडं अपेक्षित नगांवर वाटा, मग भाव लावा. माझ्या मते साधा हुक १५० च्या खाली आणि पान २०० च्या खाली देऊ नये. घासाघीस होईल, भाव पाडण्यापेक्षा तीन हुक एकत्र घेतले तर थोडं कमी करा. पाटीवर भाव मोठ्या अक्षरात लिहा, बरेच लोक विचारायला लाजतात आणि निघून जातात. क्यूआर कोड दोन ठेवा, एक टेबलावर, एक गर्दीच्या बाजूला टांगलेला, स्वतःच्याच हुकला.

जागा शोधताना पुण्याची भीमथडी, मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस, फेब्रुवारीच्या आसपासचा काळा घोडा महोत्सव ही मोठी नावं झाली, पण पहिला डेमो तिथे नको. शाळेचा विज्ञान दिवस, गावची जत्रा, ओळखीचं कृषी पर्यटन केंद्र इथे सुरुवात करा, भाडं नसतं आणि वेळ तुमच्या हातात असतो.

हाताने लोहारकाम करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी पण करावी, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना १८ कारागिरीच्या कामांसाठी आहे आणि त्यात लोहार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज असं तिचं स्वरूप आहे. एका कुटुंबात एकालाच मिळतं आणि नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते.

निघताना भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय गाडीत टाकू नका, आतल्या विटा बाहेरून गार वाटतात पण तासभर आच धरून असतात. आणि जागा सोडायच्या आधी जमिनीवरून मोठं चुंबक फिरवा, खपल्या आणि छिन्नीने उडालेले बारीक तुकडे सगळे उचलले पाहिजेत, जत्रेत लोक अनवाणी चालतात.